इंजिन बंद केल्यावर केबिनचं काय?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नव्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाल्याचं आपल्या वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मला आनंद झाला. आजही त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. पण तो एसी इंजिनावर चालतो. इंजिन बंद, की एसी बंद. आणि आमच्या भागात ड्रायव्हरला उन्हाचा खरा मार बसतो तो गाडी उभी असताना. एवढंच सांगायला, आणि त्यावर उपाय म्हणून फ्युएल सेल (हायड्रोजनपासून गाडीवरच वीज तयार करणारं यंत्र) इथे आजमावून पाहा अशी विनंती करायला, हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. कापावंच लागलं तर हिशोबाचा भाग तेवढा ठेवा.

मी विदर्भातल्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात, वणी-घुग्घुस रस्त्यावर ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. सेल्फ, अल्टरनेटर, बॅटरी, वायरिंग. सव्वीस वर्षं झाली. दुकान म्हणजे टिनाचं शेड आणि पुढे एक जुना कडुनिंब. मे महिन्यात दुपारी त्या झाडाखाली दहा-बारा ड्रायव्हर-क्लीनर बसलेले असतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या गाडीत काहीच बिघाड नसतो. ते सावलीला आलेले असतात. मी माठातलं पाणी देतो, ते आपापलं सांगतात. या पत्रातलं बरंचसं त्या झाडाखाली ऐकलेलं आहे, बाकीचं माझ्या मीटरवर मोजलेलं.

समोर कोळशाच्या गाड्यांची रांग असते. खाणीच्या वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत कधी पाच तास, कधी अख्खी रात्र. काटा बिघडला किंवा कागदाचं काही अडलं तर दुसरा दिवस उजाडतो. भरून पॉवर हाऊसला किंवा सिमेंटच्या कारखान्याला गेलं की खाली करायला पुन्हा रांग. आणि ही रांग एका जागी उभी नसते. वीस-पंचवीस मिनिटांनी चार गाड्या पुढे सरकतात. जो सरकला नाही त्याच्या पुढे मागचा घुसतो. म्हणून ड्रायव्हरला गाडी सोडून लांब जाता येत नाही, झाडाखाली बसला तरी मान रांगेकडे वळलेली असते.

मागच्या नवतपातली, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांतली गोष्ट सांगतो. दुपारी अडीचच्या सुमारास आर्णीकडचा एक पोरगा पळत दुकानात आला. चोवीस-पंचवीसचा असेल, तोंडाला बांधलेला दुपट्टा घामानं भिजलेला.

"काका, गाडी उठूनच नाही राहिली. लाइन सरकली न मागचे हॉर्नवर हॉर्न देऊन राहिले."

जंपर आणि क्लॅम्प मीटर घेऊन गेलो. बारा चाकी गाडी. मालकानं छपरावर चोवीस व्होल्टचा एसी बसवून दिला होता, इंजिन बंद असतानाही बॅटरीवर चालणारा. पोरानं सकाळी अकरापासून तो लावलेला. दीडच्या आसपास तो आपोआप बंद पडला, पण तोवर दोन्ही बॅटऱ्या बसल्या होत्या. मीटर लावला तर एकवीस व्होल्टही दाखवेना. जंपर देऊन गाडी उठवली, एसी पुन्हा सुरू करायला लावला आणि वायरला क्लॅम्प लावून पाहिलं: तीस अँपियर. चोवीस व्होल्टला तीस अँपियर म्हणजे सातशे वॅटच्या थोडं वर. गाडीच्या बॅटऱ्या एकशेतीस अँपियर-अवरच्या. कागदावर चार तास निघतात. पण ॲसिडच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त ओढलं की ती कायमची नरम पडायला लागते, आणि सेल्फ मारायला जोर उरत नाही तो वेगळाच. म्हणजे हाती आले दोन तास. सकाळी अकरापासून रात्री दहापर्यंत तापणाऱ्या केबिनला दोन तास.

आम्ही हे करेपर्यंत मागच्या सहा गाड्या पुढे निघून गेल्या होत्या. त्याला नंबर मिळाला रात्री दीड वाजता. एसी लावायची त्याची पुन्हा हिंमत झाली नाही. संध्याकाळी मी दुकान बंद करून निघालो तेव्हा तो गाडीखाली, मागच्या दोन चाकांच्या मधे, चवाळं अंथरून झोपला होता. क्लीनर केबिनच्या पायरीवर बसलेला, हातात पाना. लाइन सरकली की तो रिमवर पाना वाजवतो आणि खालचा माणूस बाहेर येतो. रांगेतल्या किती गाड्यांखाली अशी माणसं झोपतात हे रस्त्यानं चालत जाऊन पाहा. क्लीनरला डुलकी लागली आणि दुसऱ्याच कोणी गाडी पुढे घेतली तर काय होईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

केबिनमध्ये का झोपत नाहीत, असं शहरातल्या माणसाला वाटेल. त्याच आठवड्यात मी मीटरचा तापमानाचा प्रोब एका उभ्या गाडीच्या सीटवर ठेवून पाहिला. दुपारचे पावणेतीन. माझ्या कडुनिंबाखाली पंचेचाळीस अंश होते. काचा बंद केलेल्या केबिनमध्ये सत्तावन्न. दोन्ही काचा खाली केल्यावर एक्कावन्न. स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसत होता आणि डॅशबोर्डवरच्या बाटलीतलं पाणी चहा टाकावा इतकं गरम झालं होतं. वर पत्र्याचं छप्पर, पायाशी नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाची धग. आणि काचा उघड्या ठेवायच्या तर कोळशाची बारीक धूळ आत येते, शिवाय मोबाइल आणि पैशांची चोरी. म्हणून बहुतेक जण काचा लावूनच घेतात.

माझ्या धाकट्या भावानं तेच केलं होतं. तोही ड्रायव्हर. मे महिन्यातच एका कारखान्याच्या गेटवर खाली करायला थांबला होता, रात्रभर गाडी चालवून आलेला. धूळ उडत होती म्हणून काचा लावल्या आणि सीटमागच्या फळीवर आडवा झाला. तीनच्या सुमारास क्लीनरनं दार उघडलं तर हा काहीबाही बडबडत होता. अंग तापलेलं, पण घामाचा थेंब नाही. पोरानं शहाणपणा केला, दोन कॅन पाणी अंगावर ओतलं आणि दुसऱ्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती लागला नसता. खिशात कांदा होता, सकाळी पन्हं पिऊन निघाला होता, तरीही झालं. आज तो घरची तीन एकर कपाशी पाहतो. उन्हात दोन तास काढले की डोकं गरगरतं, बसावं लागतं. अडतीस वर्षांचा आहे.

आता सरकारी नियमाबद्दल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना केबिनमध्ये एसी हवाच. हा विषय गडकरीसाहेबांनी लावून धरला. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला तो कळला, याचं आम्हाला बरं वाटतं. पण आमच्या रांगेतल्या बहुतेक गाड्या जुन्या आहेत आणि अजून पुष्कळ वर्षं त्याच धावणार आहेत. आणि नवी गाडी आली तरी तिचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो.

मग इंजिन चालू ठेवा, असं कोणी म्हणेल. ठेवून पाहिलेलं आहे. उभ्या गाडीचं इंजिन एसीसकट तासाला दीड ते दोन लिटर डिझेल पितं. आठ तासांचे बारा ते सोळा लिटर धरा. नव्वद रुपयांच्या भावानं हजार-अकराशे ते साडेचौदाशे रुपये. मालक ट्रिपचं डिझेल मोजून देतो, वर गेलं तर भत्त्यातून कापतो. माझ्या झाडाखाली बसणाऱ्यांपैकी बहुतेकांची दिवसाची कमाई एवढी नाही. मालकालाही मी दोष देत नाही, एक-दोन गाड्यांचे मालक कर्जाच्या हप्त्याखाली दबलेले असतात. शिवाय आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, कॉम्प्रेसर हळू फिरतो, समोरून वारा नसतो, त्यामुळे गारवाही धड मिळत नाही. बीएस-सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांप्रमाणे बनलेल्या गाड्यांचं आणखी एक दुखणं आहे. सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला धूर चांगला तापलेला लागतो. तासन्‌तास आयडलवर ठेवलेल्या गाडीचा धूर तापत नाही, फिल्टर चोक होतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी ओढेनाशी होते. अशा गाड्या मे-जूनमध्ये माझ्याकडे येतात आणि मला त्यांना शोरूमचा रस्ता दाखवावा लागतो. आणि चाळीस गाड्यांची इंजिनं एका रांगेत चालू असली तर पुढच्याचा धूर मागच्याच्या केबिनमध्ये जातो, हे कोणालाही कळेल.

शेतकऱ्यांच्या भाषेत सांगतो. सातशे-साडेसातशे वॅट म्हणजे एक एचपी. आपल्या विहिरीवरचा साधा पंपही तीन एचपीचा असतो. एवढ्याशा एका एचपीच्या कामासाठी दोनशे एचपीचं इंजिन आठ तास पेटवून ठेवायचं, हा तो प्रकार आहे.

जास्तीची लिथियम बॅटरी टाकली तर? लांब पल्ल्याच्या, नागपूर-हैदराबाद धावणाऱ्या गाडीला मी स्वतः तोच सल्ला देतो. दिवसभर गाडी पळाली की अल्टरनेटर ती भरून देतो. पण आमच्या कोळशाच्या गाड्यांची फेरी तीस-चाळीस किलोमीटरची. तासभर गाडी चालते आणि दहा तास उभी राहते. बॅटरी भरायची कधी? रस्त्याच्या कडेला खांब रोवून प्लग द्यायचे म्हटलं तर रांग सरकत राहते, दर वीस मिनिटांनी वायर कोण काढणार आणि लावणार? मुक्कामाच्या पार्किंगमध्ये प्लग उत्तमच, ते जरूर करावं. सरकत्या रांगेला मात्र गाडीवरच तयार होणारी वीज पाहिजे.

फ्युएल सेलचं नाव मी माझ्या मुलीकडून ऐकलं. ती यवतमाळला तंत्रनिकेतनात शिकते. सुट्टीत आली होती, दुकानात बसल्या बसल्या तिनं विचारलं, "बाबा, बॅटरी जास्त चार्ज झाली की तुम्ही झाकणं का काढून ठेवता?" मी म्हटलं, आत पाणी उकळतं, गॅस होतो. ती म्हणाली, "तो हायड्रोजन आणि ऑक्सिजन. करंट दिला की पाण्याचे हे दोन गॅस होतात. हेच उलटं केलं, दोन गॅस एकत्र आणले, तर पाणी होतं आणि करंट परत मिळतो. तोच फ्युएल सेल." सव्वीस वर्षं ज्या बुडबुड्यांना मी त्रास समजत होतो त्यांचा असा उपयोग होतो, हे मला त्या दिवशी समजलं. विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञानं १८३९ मध्येच हे करून दाखवलं होतं. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांमध्ये वीज याच सेलवर होती आणि त्यातून निघालेलं पाणी अंतराळवीर पीत होते. बॅटरीत माल आधीच भरलेला असतो, तो संपला की बॅटरी बसते. फ्युएल सेलमध्ये माल बाहेरून येत राहतो. सिलिंडरमध्ये गॅस आहे तोवर करंट. पिस्टन नाही, क्रँक नाही, आवाज फक्त पंख्याचा.

आम्ही दोघांनी मिळून हिशोब मांडला, तो इथे देतो. चुकला असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावा. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण तेहतीस युनिट ऊर्जा असते. फ्युएल सेल त्यातली निम्मी विजेत आणतो असं धरलं तर सोळा युनिट. एसीला सातशे वॅट, आठ तास, म्हणजे साडेपाच-सहा युनिट. त्यासाठी लागतो जवळपास साडेतीनशे ग्रॅम हायड्रोजन. आता माझ्या शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे ऑक्सिजनचं जे सात घनमीटरचं उंच सिलिंडर असतं, तसंच हायड्रोजनचंही मिळतं, लाल रंगाचं, उलट्या आट्यांचं. त्यात अर्ध्या किलोपेक्षा थोडा जास्त हायड्रोजन मावतो. म्हणजे एका सिलिंडरमध्ये एक अख्खी रात्र आणि वर तीन-चार तास. सिलिंडरचं वजन साठेक किलो, जास्त दाबाच्या हलक्या टाक्या घेतल्या तर आणखी कमी. पंचवीस-तीस टन माल वाहणाऱ्या गाडीला ते वजन जड नाही. हायड्रोजन आज महाग आहे हे खरं. पण किलोला पाचशे रुपये पडला तरी रात्रीचे पावणेदोनशे होतात, आणि डिझेलचे वर लिहिलेच आहेत. सेलची किंमत मोठी आहे, ती कमी व्हायला मागणी आणि सवलत दोन्ही लागतील. आणखी एक आकडा मुलीनं काढला, तो मला सगळ्यात आवडला. साडेतीनशे ग्रॅम हायड्रोजनमधून तीन लिटर पाणी तयार होतं. बरंचसं वाफ होऊन जातं, पण तीन लिटर.

हायड्रोजन धोक्याचा आहे, हे मला कोणी सांगायला नको. बारा वर्षांपूर्वी चार्जिंगला लावलेल्या बॅटरीची क्लिप मी करंट बंद न करता काढली, ठिणगी पडली आणि बॅटरीचं वरचं झाकण फुटलं. ॲसिडचे शिंतोडे हातावर उडाले, डाग अजून आहेत. डोळे वाचले. तेव्हापासून दुकानात चार्जिंग उघड्यावर, झाडाच्या बाजूला करतो, कारण हा गॅस सगळ्यात हलका, वर निघून जातो. कोंडला तरच घात करतो. म्हणून सिलिंडर केबिनच्या आत कधीच नको. ते बाहेर, केबिनच्या मागे, वरून मोकळं पाहिजे, गळती ओळखणारा सेन्सर पाहिजे आणि गळती झाली की व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे. आमचे लोक गाडीशेजारी स्टोव्ह पेटवून भात टाकतात, बिडी ओढतात. हे गृहीत धरूनच यंत्र बनवावं लागेल, नुसतं "धूम्रपान करू नये" असं लिहून भागणार नाही.

मिथेनॉलवर चालणारे फ्युएल सेलही असतात. कॅनमध्ये भरता येतो, सिलिंडर नको, म्हणून सोपा वाटतो. मला तो आमच्या रस्त्यावर नको आहे. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूतलं विष. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं त्यानंच गेली. ज्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे त्याच्या वेशीवरून रोज शेकडो गाड्या जातात. प्रत्येक गाडीवर स्पिरिटसारखा वास येणारा कॅन ठेवला तर एखाद्या रात्री कोणीतरी तो पिईल. तो धोका पत्करू नये.

हे सगळं हवेतलं आहे असंही नाही. २००८ मध्ये अमेरिकेत डेल्फी कंपनीनं पीटरबिल्टच्या ट्रकवर फ्युएल सेल बसवून इंजिन बंद असताना केबिनचा एसी आणि बाकी वीज चालवून दाखवली. तिकडे कॅलिफोर्नियात तर झोपण्याची सोय असलेल्या ट्रकलाही पाच मिनिटांच्या वर इंजिन नुसतं चालू ठेवायला बंदी आहे, त्यामुळे असे पर्याय शोधणं त्यांना भाग पडलं. तरी ते यंत्र तिकडेही सर्रास झालेलं नाही, हे मी लपवत नाही. आपल्याकडे मोबाइलच्या टॉवरवर फ्युएल सेल बसवून पाहिले गेले. मे २०२५ मध्ये तर शेजारच्या छत्तीसगडमध्ये कोळसा वाहणारा ट्रकच हायड्रोजनवर रस्त्यावर आला, चाळीस टन माल आणि दोनशे किलोमीटरचा पल्ला. अख्खा ट्रक चालतो तर एक एचपीचा एसी का चालणार नाही?

पण परदेशातलं यंत्र उचलून इथे आणलं तर चालेल याची खात्री मी देणार नाही, आणि माझ्या विनंतीचं मूळ इथेच आहे. फ्युएल सेल स्वतःही तापतो. जेवढी वीज देतो जवळपास तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. हायड्रोजनचा साधा सेल साठ-ऐंशी अंशांवर चालतो. बाहेर वीस अंश असतील तर त्याचा रेडिएटर आरामात गार होतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या शेहेचाळीस-सत्तेचाळीसमध्ये त्याच रेडिएटरची दमछाक होईल, तो मोठाच लागेल. सेलच्या आतला पडदा ओलसर राहावा लागतो आणि आमची मे महिन्याची हवा ओठ फोडणारी कोरडी. सेल हवेतून ऑक्सिजन घेतो आणि आमच्या हवेत कोळशाची धूळ आहे. माझ्या दुकानात धुतलेलं फडकं वाळत घातलं तर संध्याकाळपर्यंत काळं होतं. शिवाय कोळसा जळतो तिथे गंधकाचा वायू असतो आणि तो सेलच्या आतल्या प्लॅटिनमला घातक. म्हणजे फिल्टर किती दिवसांनी बदलायचा, रेडिएटर केवढा ठेवायचा, पडदा किती टिकतो, हे सगळं इथेच, याच रांगेत, याच महिन्यात पाहावं लागेल. पुण्यातल्या पावसाळ्यात घेतलेल्या चाचणीचा आम्हाला उपयोग नाही.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, १९,७४४ कोटी रुपयांची. त्यातून मार्च २०२५ मध्ये बस आणि ट्रकचे पाच पथदर्शी प्रकल्प जाहीर झाले, ३७ गाड्या, ९ हायड्रोजन भरणा केंद्रं, १० मार्ग. पुणे-मुंबई आहे, जमशेदपूर आहे, कोची आहे, भुवनेश्वर-पुरी आहे. विदर्भातला एकही मार्ग नाही. एवढं कडक ऊन जिथे पडतं आणि एवढा कोळसा जिथून ट्रकनं निघतो, तो भाग त्या यादीत असायला हवा होता.

आणि यासाठी दिल्लीला खेटे घालायची फारशी गरजही नाही. गॅस सिलिंडरला परवानगी देणाऱ्या पेसो या खात्याचं मुख्यालय नागपूरला आहे. वेकोलिचं, म्हणजे इथल्या खाणी चालवणाऱ्या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय नागपूरला. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी नागपूरला, व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज नागपूरला. परिवहन मंत्री नागपूरचे. आम्ही तिथून तीन तासांच्या अंतरावर आहोत. हायड्रोजन तरी कुठून आणायचा, असं विचारतील. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या वीज केंद्रासारख्या मोठ्या केंद्रांत जनरेटरच हायड्रोजननं थंड ठेवतात. म्हणजे ज्या गेटबाहेर आमचा ड्रायव्हर सत्तावन्न अंशांत बसलेला असतो, त्या गेटच्या आत हा गॅस हाताळणारी शिकलेली माणसं आणि त्याची शिस्त वर्षानुवर्षं आहे. त्यांचा सल्ला घ्या.

माझी मागणी मोठी नाही. वणी-घुग्घुस-चंद्रपूर पट्ट्यातल्या दहा जुन्या गाड्या निवडा, नव्या नकोत, कारण रांगेत जुन्याच आहेत. पाच गाड्यांवर फ्युएल सेल, पाचांवर लिथियम बॅटरी बसवा, म्हणजे माझं म्हणणं चुकीचं असेल तर तेही उघड होईल. एप्रिलच्या पंधरापासून जूनच्या पंधरापर्यंत चालवा. केबिनचं तापमान, गॅसचा खर्च, बिघाड, आणि ड्रायव्हर किती तास झोपला, हे रोज लिहा. शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण दुपारी न झोपलेला ड्रायव्हर रात्री भरलेली गाडी घेऊन आपल्याच गावांतून जातो. त्यातून जे निघेल त्यावरून केबिन एसीच्या नियमात एक ओळ वाढवावी: इंजिन बंद असताना केबिन इतके तास, इतक्या अंशांपर्यंत गार राहिलं पाहिजे.

तोवर थांबायचंही कारण नाही. काट्यावर टोकनची पद्धत आणली आणि नंबर मोबाइलवर कळवला तर निम्मी रांग रस्त्यावरून हटेल. रांगेच्या बाजूला हिरव्या जाळीचं शेड आणि थंड पाण्याची टाकी, हे एका महिन्यात होण्यासारखं आहे. केबिनच्या छपराला बाहेरून पांढरा रंग आणि आतून थर्माकोल, हे तर आम्हीच करतो आहोत. माझ्या मोजणीत त्यानं चार अंशांचा फरक पडला.

चाचणीची गाडी उभी करायला माझ्या दुकानासमोर जागा आहे. मीटर माझ्याकडे आहे, क्लॅम्प आहे, प्रोब आहे. सकाळी अकरा ते रात्री अकरा, दर तासाचं रीडिंग मी वहीत लिहून ठेवीन, दोन महिने, एक पैसा न घेता. मुलगी सुट्टीत येईल तेव्हा तीही लिहील. फक्त गाडी मे महिना लागायच्या आत आली पाहिजे.

आपला नम्र,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
ता. वणी, जि. यवतमाळ